फाइल खाली ठेव आणि पेशंटची पाठ पूस

तू विचारलंस ते थोडक्यात असं, की जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन चार वर्षं झाली, तुमच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये आत्ता नवीन पॅलिएटिव्ह टीम, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि बाकीचे त्रास कमी करणारी टीम, सुरू झालीय, डॉक्टर, काउन्सेलर, सोशल वर्कर, फिजिओ सगळे आहेत आणि नर्स म्हणून तुला घेतलंय, पण राउंडला बाकीचे बोलतात आणि तू फाइल धरून उभी. बीपी, ड्रेसिंग, सलाइन तर कुठल्याही वॉर्डात करतोच, मग इथं नर्सनं वेगळं काय करायचं?

अगं, आधी ती फाइल खाली ठेव. मी एकवीस वर्षं यातच आहे, पहिली आठ-नऊ वॉर्डात आणि नंतर होम केअरला, म्हणजे गाडीत बॅग टाकायची आणि दिवसाला चार-पाच घरं करायची, कधी चाळीतला तिसरा मजला तर कधी वस्तीवरचं घर, जिथं गाडी डांबरी रस्त्यावर सोडून बांधाबांधानं चालत जावं लागतं. एवढ्या वर्षांत जे दिसलं ते सांगते. पेशंटबद्दल सगळ्यात जास्त नर्सला माहीत असतं आणि मीटिंगमध्ये सगळ्यात कमी तीच बोलते. डॉक्टर पलंगाशी पाच-दहा मिनिटं असतात, काउन्सेलर वेळ ठरवून खुर्ची ओढून समोर बसते, आणि तू त्याला कुशीवर वळवतेस, पाठ पुसतेस, तोंड स्वच्छ करून देतेस. समोर बसलेल्याला जे सांगायला जड जातं ते पाठ पुसणाऱ्या बाईला सांगून होतं, कारण तेव्हा तोंड भिंतीकडे असतं. माझे निम्मे पेशंट माझ्याशी भिंतीकडे बघतच बोललेत. ते जे बोलतात ते तसंच्या तसं टीमपर्यंत न्यायचं, त्यावर काहीतरी ठरवून घ्यायचं, आणि ठरलेलं परत त्याच्या घरात त्याला झेपेल असं करून द्यायचं, हे तुझं काम. बाकी बीपी वगैरे आहेच.

दुखण्याचंच घे. वॉर्डात आपण लिहितो काय, तर पेन प्लस प्लस. यातून कुणाला काय कळणार? आपल्या माणसांकडे दुखण्याचे शब्द किती आहेत बघ, ठणका लागलाय, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं, कळ येऊन पिळवटतं. हे शब्द म्हणजे अर्धं निदान असतं. आग, चमका, करंट आणि "पांघरूण लागलं तरी सोसत नाही" हे बहुतेक नसेचं दुखणं, त्याला मॉर्फीन या तीव्र दुखण्यावरच्या औषधानं एकट्यानं पुरता आराम पडत नाही, जोडीला गॅबापेन्टिन नाहीतर अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी लागते. कळ येते, जाते, परत येते ते आतड्याचं असू शकतं, तिथं आतड्याची पिळवट सैल करणाऱ्या बुस्कोपॅनचा विचार होतो. पडून राहिलं की बरं आणि जरा हललं की जीव जातो, ते हाडातलं असण्याची शक्यता जास्त, तिथं रेडिएशनवाल्यांना विचारायला लागतं, एका सिटिंगमध्येही बऱ्याच जणांना फरक पडतो. हे ठरवणार डॉक्टरच, पण तू चार्टवर "पेन प्लस प्लस" लिहिलंस तर ते ठरवणार कशावरून? म्हणून पेशंटचा शब्द आहे तसा लिही, मराठीत लिही, लाजू नकोस.

दहापैकी किती दुखतंय हे विचारायचंच, तुमच्याकडे नऊ त्रासांचा तो शून्य ते दहाचा तक्ता असेल, कॅनडातल्या एडमंटनला १९९१ च्या सुमारास तयार झालेला, चांगला आहे तो, रोजच्या रोज भर. पण खेड्यातल्या सत्तरीच्या आजींना दहापैकी किती विचारलं की त्या तुझ्याकडे बघतच राहतात. त्यांना मी विचारायची, आजी, सोळा आणे दुखणं धरलं तर आज किती आणे? लगेच सांगायच्या, काल बारा आणे होतं, आज आठ. मग त्याचा हिशेब मी तक्त्यात करायची. आणि घरच्यांसमोर विचारलेला आकडा एकदा लिहायचा, नंतर एकटं गाठून परत विचारायचा. एक आजी सुनेसमोर कायम "काय नाय, बरी हाय" म्हणायच्या आणि सून चहा टाकायला आत गेली की माझा हात घट्ट धरायच्या. खरा आकडा त्या हाताचा होता.

आता मॉर्फीन, इथं नर्सशिवाय काहीच चालत नाही. साधी मॉर्फीनची गोळी चार तास पुरते, म्हणून वेळापत्रक असतं सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, बऱ्याच ठिकाणी रात्री दहाला डबल देतात म्हणजे दोन वाजताची झोपमोड वाचते. मधेच दुखणं उसळलं तर जादाची एक, तीही आधीच लिहून घेतलेली पाहिजे, दिवसभराच्या एकूण डोसचा साधारण सहावा भाग. हे घरच्यांना तोंडी सांगून निघून आलीस तर दुसऱ्या दिवशी ते दुखलं की देतात आणि नाही दुखलं की ठेवून देतात. कागदावर सूर्य, चंद्र, जेवणाचं ताट काढून दे आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घे. तुला माहितीय का, सिसिली सॉन्डर्स, जिनं १९६७ ला लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, काढलं, ती मुळात नर्स. पाठीच्या दुखण्यानं नर्सिंग सुटलं म्हणून हॉस्पिटलात सोशल वर्करचं काम धरलं, मग मेडिकलला जाऊन डॉक्टर झाली, म्हणजे तुमची अख्खी टीम एकाच बाईत! तर ती सेंट ल्यूक्स नावाच्या ठिकाणी मदतीला जायची, तिथं तिनं बघितलं की दुखायची वाट न बघता घड्याळ लावून मॉर्फीन देतात आणि पेशंट शांत असतात. आज आपण जे सहा-दहा-दोन-सहा-दहा करतो त्याचं मूळ तिथं आहे.

मॉर्फीन सुरू झालं की पहिले दोन-तीन दिवस पेंग येते, मळमळ आठवडाभर राहू शकते, ती जाते, पण बद्धकोष्ठ जात नाही. त्यामुळे पोट साफ व्हायची गोळी त्याच दिवशी लिहून घ्यायची, डॉक्टर विसरले तर तू आठवण करायची, आणि "शौचाला झाली का" हे रोज विचारायचं, लाजायचं नाही. एकदा एका घरातून फोन आला की बाबांना जुलाब लागलेत, मेडिकलवाल्यानं बंद व्हायची गोळी दिलीय. जाऊन बघितलं तर पोट टम्म, आठ दिवस नीट शौचाला झालेलंच नाही, खडा अडकलेला आणि त्याच्या कडेनं पातळ पाझरतंय. हातमोजा घालून तपासल्याशिवाय हे कळत नाही, आणि फोनवरून तर नाहीच नाही.

एक किस्सा जरा सविस्तर सांगते, कारण टीममध्ये नर्सचं काम म्हणजे काय हे मला त्यात कळलं. तेव्हा वॉर्डातच होते. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या एक बाई, पन्नाशीच्या, मॉर्फीनवर महिनाभर मस्त सेट झालेल्या. एक दिवस चहाचा कप हातात दिला तर हात झटक्यानं उडाला, चहा सांडला. लेक म्हणाली, दोन दिवस झोपेत पण दचकतेय. मी युरिन बॅग बघितली, सकाळपासून दोनशे मिलीच्या आत. आदल्या दिवशीचा आकडा बघावा म्हणून चार्ट काढला, तर भरलेलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर आदल्या दिवशी ड्यूटी माझीच होती. राउंडला डॉक्टर म्हणाले, पेंग आहे, आजार वाढतोय, शेवटाकडे चाललंय. मी मागून म्हणलं, सर, बाईंना त्रास वाटतोय. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पलंगाकडे गेले. बरोबरच होतं त्यांचं, "त्रास वाटतोय" याच्यावर माणूस करणार काय? दुपारी मी परत गेले आणि नुसते आकडे सांगितले, लघवी सकाळपासून दोनशेच्या आत, दोन दिवस हातपाय झटकतायत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास मिनिटाला दहा, मॉर्फीन तेवढंच चालू आहे. डॉक्टर उभेच राहिले. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, पाठवलं, ते वाढलेलं निघालं. गाठीनं मूत्रनलिका दाबली जात होती, किडनी थकली होती आणि मॉर्फीन मोडून जे उरतं ते बाहेर न पडता अंगात साठत होतं. मॉर्फीन कमी केलं, नंतर फेन्टानिल या दुसऱ्या वेदनाशामकाचा कातडीवर चिकटवायचा पॅच लावला, तीन दिवसांत बाई लेकीशी भांडायला लागल्या, मीठ कमी घातलंस म्हणून. आजार तोच होता, त्या पुढं दोन महिन्यांनी गेल्या, पण ते दोन महिने पेंगेत गेले नाहीत.

तेव्हापासून मी मीटिंगमध्ये "बरं वाटत नाही", "अस्वस्थ आहे" असं बोलत नाही. काय बघितलं, कधीपासून, किती, आणि मला काय हवंय, एवढं बोलते, एका दमात. डॉक्टर बदलून बघ, नर्स बदलून बघ, या चार गोष्टी सांगितल्या की कुणी मान हलवून पुढं जात नाही. (पॅचवरून आठवलं, पॅच तीन दिवसांनी बदलायचा आणि त्याच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही हे घरच्यांना दोनदा सांग, उष्णतेनं औषध भसकन अंगात जातं.)

दुसरी बाजू पण ऐक. सगळं आपणच करायचं ही नर्सला खोड असते. पेशंट डोस का चुकवतोय हे तुला कळलं, म्हणजे समज मुलाची रोजंदारी बुडते म्हणून तो तालुक्याला औषध आणायला येत नाही, तर तू स्वतःच्या पर्समधून एसटीचं भाडं देऊ नकोस. मी दिलंय, अनेकदा, त्याचा उपयोग त्या दिवसापुरता. ते सोशल वर्करला सांग, तिला जन आरोग्य योजनेचे कागद, रेल्वेची सवलत, गावातला कोण माणूस उपयोगी पडेल हे सगळं माहीत असतं. पलंगावरून उठवताना पाय लटपटतायत ते फिजिओला सांग, पण पाठीत दुखतंय आणि पाय अचानक लुळे पडलेत, लघवी तुंबलीय असं असेल तर फिजिओ नाही, डॉक्टरला त्याच मिनिटाला फोन, मणक्यात दाब आलेला असू शकतो आणि तिथं तासांचा प्रश्न असतो. कुठली गोष्ट कुणाकडे आणि किती घाईनं, ही निवड तू करतेस, म्हणून टीम चालते.

जखमेबद्दल बोलायलाच पाहिजे कारण आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटख्यानं तोंडाचे कॅन्सर इतके आहेत की होम केअरच्या बॅगेतलं अर्धं सामान गालाच्या जखमेसाठीच असतं. पेशंटला दुखण्यापेक्षा वासाची लाज जास्त. नातवंडं जवळ येत नाहीत, ताट वेगळं केलेलं असतं, बायको पदर नाकाला लावते आणि मग आत जाऊन रडते. त्या घरात तू गेलीस की पहिल्यांदा तुझ्या चेहऱ्याकडे सगळे बघतात. नाक मुरडायचं नाही, मास्क लावायचा तर सगळीकडे लावतेस तसा दारातच लाव. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी मॉर्फीनचा जादाचा डोस, चिकटलेलं गॉज ओढायचं नाही, सलाइननं भिजवून सोडवायचं, मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरायची. दोन-तीन दिवसांत वास एवढा कमी होतो की घरच्यांचा विश्वास बसत नाही, गोळी तर काही रुपयांची. अळ्या पडल्या असतील तर टर्पेन्टाइनचा बोळा थोडा वेळ ठेवला की त्या वर येतात, मग चिमट्यानं काढायच्या, आणि हे करताना तोंडातून "अगंबाई" येता कामा नये. गॉज महाग पडत असेल तर जुनी सुती साडी स्वच्छ धुऊन, तुकडे करून, डब्यात घालून कुकरमध्ये वाफवायची, वर पाझर टिपायला सॅनिटरी पॅड. गळ्याजवळची जखम मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत गेली असेल तर घरात गडद रंगाचे, लाल नाहीतर काळे, टॉवेल काढून ठेवायला सांग आणि कशासाठी ते कुणातरी एका धीराच्या माणसाला नीट सांग. पांढऱ्या टॉवेलवर रक्त बघितलेलं घर ते कधी विसरत नाही.

मग येतो तो प्रश्न, "सिस्टर, त्यांना सांगू नका हं, कॅन्सर आहे म्हणून." दारातच सांगतात, चप्पल काढायच्या आधी. आणि आत गेलं की पेशंट विचारतो, "सिस्टर, मी बरा होणार ना?" सुरुवातीला मी "होणार की" म्हणायची, कारण दुसरं काय बोलावं कळायचं नाही. आता म्हणते, "काका, असं का वाटलं आज?" आणि गप्प बसते, ड्रेसिंगचे हात चालू ठेवून. दहातले आठ जण स्वतःच सांगतात की त्यांना सगळं माहितीय, पोरांना त्रास नको म्हणून बोलत नाहीत. पोरं बापाला जपतायत, बाप पोरांना. निदान सांगणं, पुढं किती दिवस हे सांगणं डॉक्टरचं आणि काउन्सेलरचं काम, तू मधेच उघडं करू नकोस, खोटंही बोलू नकोस. पण "काकांना माहीत आहे आणि त्यांना शेताच्या वाटणीचं बोलायचंय" हे त्याच दिवशी टीमला कळलं पाहिजे, उद्यावर टाकू नकोस. वाटणी राहून गेलेली घरं मी बघितलीत.

फोनला कमी समजू नकोस. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर आणि व्हर्माँटच्या खेड्यापाड्यांतल्या ३२२ कॅन्सर पेशंटचा एक अभ्यास २००९ ला छापून आला, त्यात नर्सनं ठरवून, शिकवत शिकवत फोन केले एवढंच, तर त्या पेशंटचं जगणं आणि मनःस्थिती बाकीच्यांपेक्षा बरी राहिली, त्रासांच्या आकड्यांत मात्र खास फरक पडला नाही. मला ते पटतं, फोननं दुखणं जात नाही, घाबरणं जातं. आणि आपल्याकडे केरळ बघ. १९९३ ला कालिकतला सुरू झालेलं पॅलिएटिव्हचं काम वाढत वाढत गेलं, २००८ ला राज्यानं धोरणच केलं, आता पंचायतीतर्फे नर्स घरोघरी जाते, तिच्यासोबत गावातले स्वयंसेवक. डॉक्टर मागं असतो, पुढं नर्स. महाराष्ट्रात मुंबईला वांद्र्यात शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह सेंटर १९९७ पासून आहे, सुट्टी काढून एखाद्या ठिकाणी चार दिवस बघायला मिळतं का विचार. वर्गात बसून हे काम कळत नाही.

शेवटच्या दिवसांचं थोडक्यात. घरचे म्हणणार, सलाइन लावा, काहीच पोटात नाही. त्यांना रागावू नकोस, आपल्याकडे जेवू घालणं म्हणजेच माया. त्या अवस्थेत पाणी चढवलं की ते छातीत, पायात साठतं, घरघर वाढते, हे समजावून सांग आणि हाताला दुसरं काम दे, ओल्या कापसानं ओठ भिजवायचे, चमच्यानं थेंब थेंब गंगाजल नाहीतर चहा, गिळता येत असेल तरच. घशात घरघर लागली की कुशीवर वळव, नळीनं ओढून काढायची, सक्शनची, घाई करू नकोस, गरज वाटली तर डॉक्टर इंजेक्शन सांगतात. तळमळ सुरू झाली की झोपेचं इंजेक्शन मागायच्या आधी ओटीपोटावर हात ठेव. लघवी तुंबलेली असते कितीदा तरी, कॅथेटर घातला की माणूस शांत झोपतो. शिरा मिळत नसतील तर औषध कातडीखाली बटरफ्लाय सुईनं जातं, घरच्यांनाही शिकवता येतं, पण त्यासाठी ऑर्डर लेखी हवी.

ऑर्डर लेखीच हवी, हे मॉर्फीनच्या बाबतीत तर शंभरदा सांगते. युगांडात खास ट्रेनिंग घेतलेल्या नर्सना २००४ पासून मॉर्फीन लिहून द्यायची मुभा आहे, आपल्याकडे नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यानं मॉर्फीन मिळणंच अवघड झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी झाली, पण मान्यताप्राप्त संस्था, रजिस्टर, गोळीगोळीचा हिशेब हे आहेच आणि ते रजिस्टर बहुतेक तुझ्याच हातात येणार. कंटाळवाणं वाटेल, पण त्या रजिस्टरात पेशंट दिसतो. पेशंट गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी आपण त्या घरी जातो, बसतो, तेव्हा उरलेल्या गोळ्या परत घेऊन मोजायच्या असतात. एका घरात मुलीनं गादीखालून काढून पाच पूर्ण पट्ट्या माझ्या हातात दिल्या. म्हणजे बाबा अर्ध्याच गोळ्या घेत होते, पुढं जास्त दुखेल तेव्हासाठी राखून ठेवत होते, आणि आम्ही मीटिंगमध्ये डोस वाढवत होतो आणि आराम का पडत नाही म्हणून डोकं खाजवत होतो. तेव्हापासून मी दर भेटीला पट्टी मागून घेते आणि पेशंटच्या देखत मोजते. तू उद्यापासूनच मोज.